तिसरं घर

श्रोतेहो, नमस्कार.

श्रीमंत घर आणि गरीब घर समोरासमोर आणायचं आणि त्यातून हशा पिकवायचा, ही आपल्या नाटक-सिनेमातली जुनी आणि लाडकी रीत. बंगल्यातली मुलगी, चाळीतला मुलगा, तोऱ्यात वावरणारी होणारी सासू, खोटं नाव सांगून घरात शिरलेला एखादा मित्र, आणि शेवटच्या अंकात सगळे गैरसमज दूर होऊन अक्षता पडतात. दोन घरांमधली पैशाची दरी लग्नाच्या मांडवात बुजून जाते. मला अशी नाटकं मनापासून आवडतात. पण आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायला आले आहे, त्यात घरं समोरासमोर येतात, माणसं खोट्या नावांनी आत शिरतात, प्रेक्षक तासभर पोट धरून हसतो, आणि मग मांडव पडतो तो लग्नाचा नसतो.

‘पॅरासाइट’ हा दक्षिण कोरियाचा चित्रपट. 2019 साली आला. दिग्दर्शक बोंग जून-हो. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात त्याला ‘पाम द’ऑर’ हा सर्वोच्च मान मिळाला आणि फेब्रुवारी 2020मध्ये चार ऑस्कर मिळाले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पटकावण्याची ती पहिली वेळ. तेव्हा त्याच्यावर सगळीकडे भरभरून लिहिलं गेलं, आणि बहुतेक ठिकाणी वर्णन एकच होतं : एक श्रीमंत कुटुंब, एक गरीब कुटुंब. मला हे वर्णन अपुरं वाटतं. या चित्रपटात कुटुंबं तीन आहेत. तिसऱ्या कुटुंबाकडे आपलं लक्ष गेलं नाही, तर यातला उपहास नेमका कशावर आहे ते हाती लागत नाही. त्या तिसऱ्या घरापर्यंत आज तुम्हाला न्यायचं आहे. त्यासाठी गोष्टीचा शेवटही सांगावा लागेल. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी तेवढी तयारी ठेवून ऐकावं.

पहिलं घर किम कुटुंबाचं. सोल शहरातल्या एका उतारावरच्या वस्तीत, अर्धं जमिनीखाली. आई, वडील, मुलगा, मुलगी, चौघंही बेकार. घराला एकच बरी खिडकी, आणि ती रस्त्याच्या पातळीला. आतून बघितलं तर दिसतात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. रात्री एखादा दारुडा नेमका त्या खिडकीजवळ येऊन लघवीला उभा राहतो. घरातली सगळ्यात उंच जागा कोणती, तर संडास. मैलापाण्याची नळी घराच्या जमिनीपेक्षा उंचावर आहे, म्हणून भांडं खाली बसवता येत नाही. ते तीन-चार पायऱ्या चढून, छताला डोकं लागेल अशा ओट्यावर बसवलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने वायफायला पासवर्ड घातल्यावर बहीण-भाऊ हातात मोबाइल उंच धरून घरभर फिरतात, आणि रेंज सापडते ती त्या संडासाच्या ओट्यावर, भांड्याला खेटून बसल्यावर. पोटापाण्यासाठी चौघं पिझ्झाचे खोके घडी घालून देतात. एकदा गल्लीत औषधाच्या धुराची फवारणी येते. मुलं खिडकी लावायला धावतात, तर बाप म्हणतो, राहू दे उघडी, घरातली झुरळं फुकटात मरतील. मग त्या पांढऱ्या धुरात सगळे खोकून बेजार, आणि बाप तेवढा न थांबता खोक्याला घडी घालतोय.

असं घर कुणा लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. सोलमध्ये अशा घरांना ‘बान्जिहा’ म्हणतात, आणि त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. जानेवारी 1968मध्ये उत्तर कोरियाची कमांडो तुकडी दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ येऊन थडकली होती. युद्ध पुन्हा पेटेल ही भीती तेव्हा सगळीकडे होती. 1970मध्ये इमारतींच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि छोट्या निवासी इमारतींना तळघर बांधणं आवश्यक ठरलं. हल्ला झाला, तर लोकांना लपायला जागा हवी, एवढाच उद्देश होता. तिथे भाडेकरू ठेवायला परवानगी नव्हती. पण शहर फुगत गेलं, गावाकडून माणसं येत राहिली, घरं कमी पडली आणि 1980च्या दशकात नियम सैल झाले. लपण्यासाठी बांधलेल्या जागेत माणसं राहू लागली. हे लक्षात ठेवा, कारण जमिनीखालची आणखी एक जागा पुढे येणार आहे.

दुसरं घर पार्क कुटुंबाचं. टेकडीवर, उंच भिंतीआड, पुढे हिरवळ, आणि हिरवळीकडे तोंड करून पूर्ण भिंतभर काच. हे घर कला-दिग्दर्शक ली हा-जून यांनी चित्रपटासाठी उभारलं. सूर्य कुठून येईल, कोण कुठल्या खोलीतून कुणाला चोरून पाहू शकेल, कोण कुठे लपू शकेल, हे सगळं पटकथेबरोबर ठरवून बांधलेलं घर आहे ते. पार्क साहेब तंत्रज्ञानाच्या कंपनीचे मालक, बाई भोळ्या, मोठी मुलगी अकरावीच्या वयाची, धाकटा मुलगा हूड.

किमांचा मुलगा आपल्या मित्राच्या शब्दावर या घरी इंग्रजीची शिकवणी घ्यायला जातो. कॉलेजचं सर्टिफिकेट बहिणीने संगणकावर बनवून दिलेलं. तो आत शिरला की धाकट्यासाठी चित्रकलेच्या बाई म्हणून बहिणीचं नाव सुचवतो, अर्थात ओळख दूरची सांगून. बहीण ड्रायव्हर म्हणून बापाला आणते. बाप घरकामाला आईला आणतो. पार्कबाईंना या सगळ्यात एकच गोष्ट हवी असते : माणूस ओळखीचा हवा. आपल्याकडेही घरकामाला बाई ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न तोच, ‘कुणाच्या ओळखीची आहे?’ अनोळखी माणसाला घरात घ्यायची भीती आणि परक्या हातांशिवाय घर चालत नाही ही गरज, या दोहोंच्या फटीतून किम कुटुंब एकेक करून आत सरकतं. बोंग स्वतः विद्यार्थिदशेत एका श्रीमंत घरी मुलाला गणित शिकवायला जात. त्या घरी इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीने, म्हणजे पुढे ज्या त्यांच्या पत्नी झाल्या त्यांनीच, त्यांचं नाव सुचवलं होतं. परक्या कुटुंबाच्या खासगी आयुष्यात आपण हेरासारखे डोकावतोय, असं तेव्हा वाटायचं, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. चित्रपटाचा हा पहिला भाग इतका अचूक उतरला आहे, तो त्यामुळेच असं मला वाटतं.

आता त्या पीचच्या प्रसंगाकडे येते. माझ्या मते अख्ख्या चित्रपटाचं मर्म तिथे आहे.

पार्कांच्या घरी मून-ग्वांग नावाची घर सांभाळणारी बाई आहे. घराच्या आधीच्या मालकापासून ती तिथेच आहे. पार्क आले तरी ती राहिली. तिला हलवल्याशिवाय किमबाईंना जागा नाही. आणि तिला पीच या फळाची भयंकर ॲलर्जी आहे, हे किमांच्या मुलाला कळतं. मग हे चौघं योजना आखतात. मुलगी पीचच्या सालीवरची बारीक लव खरवडून एका बाटलीत जमा करते. येता-जाता ती लव त्या बाईच्या अंगावर, सामानावर उडवली जाते. बाई खोकून खोकून बेजार होते. इकडे ड्रायव्हर झालेला बाप पार्कबाईंच्या कानात भरवतो की तिला क्षयरोग आहे, मी स्वतः दवाखान्यात ऐकलं. आणि घरी पोचताच कचऱ्याच्या डब्यातला, तिने तोंडाला लावलेला कागदी रुमाल उचलून दाखवतो. त्यावर लाल डाग. पिझ्झाबरोबर मिळणाऱ्या तिखट सॉसचा. पार्कबाईंचा जागच्या जागी थरकाप होतो. मागे सुरेल, भारदस्त संगीत वाजत असतं, बाप-मुलगा संवादांची तालीम करताना दिसतात, सगळं घड्याळाच्या काट्यासारखं जुळून येतं, आणि प्रेक्षागृहात हशाचे फवारे उडतात.

हसणाऱ्यांत मीही होते. एका गरीब बाईच्या पोटावर पाय दिला जातोय, आणि देणारे तिच्यासारखेच गरीब आहेत, हे समोर दिसत असूनही हसू थांबत नाही. कारण तोवर आपण मनाने किम झालेलो असतो. बोंग यांचं कौशल्य इथे आहे. श्रीमंतांची टर उडवली की प्रेक्षकाला आपण न्यायाच्या बाजूला आहोत असं वाटतं आणि तो निवांत हसतो. इथे टर श्रीमंतांची उडते, पण घाव बसतो तो मून-ग्वांगला आणि तिच्याआधी ज्याची नोकरी गेली त्या तरुण ड्रायव्हरला. पुढे एकदा दारू पिता पिता किमच्या मनात येतं, त्या पोराला दुसरीकडे काम मिळालं असेल ना? त्यावर मुलगी ओरडते, आपली काळजी करा, बाबा, आपली! ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ असं आपण म्हणतो, ते याहून नेमकं कुठे दिसणार?

आणि मग तिसरं घर उघडतं.

पार्क कुटुंब सहलीला गेलंय. किम चौघं त्यांच्या दिवाणखान्यात त्यांचीच दारू पीत बसलेत. बाहेर धो धो पाऊस. रात्री दारावरची घंटा वाजते. छोट्या पडद्यावर मून-ग्वांगचा चेहरा, भिजलेला, सुजलेला. खाली काहीतरी विसरलंय, पाच मिनिटं आत येऊ द्या, म्हणते. स्वयंपाकघराखालच्या तळघरात ती एक कपाट जोर लावून ढकलते. मागे दार, दारामागे खोल उतरत जाणारा जिना, आणि खाली तिचा नवरा. चार वर्षांहून जास्त काळ तो तिथे राहतोय. धंद्यात बुडाला, सावकार मागे लागले, म्हणून लपला. धंदा कसला, तर तैवानी पद्धतीच्या केकच्या दुकानाचा. कोरियात काही काळ अशा दुकानांचं पेव फुटलं होतं, आणि तितक्याच झपाट्याने ती बंदही पडली. किमही अशाच एका केकच्या दुकानात बुडालेला आहे. म्हणजे वरचा आणि खालचा, दोघंही एकाच खड्ड्यात पडलेले.

ते तळघर आहे कशासाठी? उत्तरेकडून हल्ला झालाच, तर श्रीमंतांना लपायला. मघाशी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा. गरिबांची अर्धी तळघरं आणि श्रीमंतांचं हे गुप्त तळघर, दोन्हींची मुळं त्याच एका भीतीत आहेत. भीती सरली, आणि दोन्ही ठिकाणी राहायला आली ती ज्यांना वर जागा मिळाली नाही अशी माणसं. हे इतकं सहज, एका शब्दाचंही भाषण न करता दाखवणाऱ्या पटकथेला मी मनापासून दाद देते.

त्या माणसाचं खालचं काम ऐका. पार्क साहेब रात्री घरी येऊन जिना चढतात, तेव्हा पायरीपायरीला दिवे लागतात. साहेबांना वाटतं, आपोआप लागतात. खाली भिंतीवर बटणं आहेत, आणि वर पावलं वाजली की हा माणूस एकेक बटण दाबतो. रोज. पार्क साहेबांचा फोटो भिंतीला चिकटवलाय, त्याच्याकडे बघून मोठ्याने आभार मानतो. पुढे त्याचे हात बांधलेले असतात, तेव्हा तो कपाळ आपटून बटणं दाबतो. साहेबांच्या वाट्याला आलेला उजेड कुणाच्या डोक्याने लागतोय, हे त्या घरात कुणालाच माहीत नसतं. उपहास म्हणतात तो हा. आणि तो पाहताना मला हसू आलं नाही.

मून-ग्वांग किमबाईंपुढे हात जोडते. ताई म्हणते. तुम्ही-आम्ही दोघीही गरजू, नडलेल्यांनी एकमेकींना सांभाळून घेऊ या, दर महिन्याला पैसे देते, फक्त त्याला अधूनमधून जेवण द्या. आणि किमबाई, ज्या कालपरवापर्यंत खोक्यांना घड्या घालत होत्या, त्या ताठ होतात. मला ताई म्हणू नकोस, आत्ता पोलिसांना बोलावते. मालकिणीकडे नोकरी लागून काही दिवस झाले नाहीत, तोच मालकिणीचा आवाज त्यांच्या गळ्यात आला आहे. पुढच्याच क्षणी जिन्यात लपलेले तिघं घसरून खाली पडतात, मुलाच्या तोंडून ‘बाबा’ निघून जातं, आणि मून-ग्वांग मोबाइलवर सगळं टिपते. आता ती वरचढ. ‘पाठव’ हे बटण उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्राच्या बटणासारखं धरून ती तिथल्या वृत्तनिवेदिकेची नक्कल करते आणि चौघांना गुडघ्यांवर हात वर करून बसवते. पुन्हा हशा. हातात जरा सत्ता आली की दोन्ही बाया सारख्याच वागतात. हे दाखवताना बोंग दोघींपैकी एकीलाही वाईट ठरवत नाहीत, आणि मला तेच खरं वाटतं.

तेवढ्यात पार्क परत येतात. पावसामुळे सहल मोडली. वाटेतून पार्कबाईंचा फोन : आठ मिनिटांत नूडल्स तयार ठेवा, वर उंची गोमांस घाला. त्या पदार्थाचं नाव ‘चापागुरी’ : एकाच कंपनीच्या दोन स्वस्त पाकिटांतल्या नूडल्स एकत्र करून कोरियातली मुलं आवडीने खातात, ते हे खाणं. त्यावर महागड्या मांसाचे तुकडे. खाली जिन्यात जिवावरची झटापट आणि वर शेगडीवर नूडल्स, दोन्ही एकाच दमात.

नंतर बाप आणि दोन्ही मुलं दिवाणखान्यातल्या टेबलाखाली लपतात. पार्क पतिपत्नी शेजारच्या सोफ्यावर. साहेब बोलू लागतात ते ड्रायव्हरच्या वासाबद्दल. माणूस बरा आहे, म्हणतात, हद्द ओलांडता ओलांडता थांबतो. वास मात्र हद्द ओलांडून मागच्या सीटपर्यंत येतो. सुकवलेल्या जुन्या मुळ्यासारखा, उकळलेल्या फडक्यासारखा. भुयारी रेल्वेतून जाणाऱ्या लोकांना येतो तसा. आधी धाकट्या मुलाने चौघांना सारखाच वास येतो असं म्हटल्यावर किम घरात साबण वेगवेगळे वापरायची चर्चा झालेली असते. मुलगी तेव्हाच म्हणते, साबणाचा प्रश्न नाही, हा या घराचाच वास आहे. नाव बदललं, सर्टिफिकेट बनवलं, बोलण्याची ढब उचलली, पण ओल अंगात मुरलेली. टेबलाखाली किम आपल्या शर्टाचा गळा ओढून हुंगतो. सोंग कांग-हो या नटाने तो क्षण नुसत्या चेहऱ्यावर पेललाय. त्या रात्रीपर्यंत हा माणूस पार्क कुटुंबाबद्दल चांगलंच बोलत असतो.

मग तिघं पळतात. पायऱ्या उतरतात, रस्ता उतरतात, बोगदा ओलांडतात, पुन्हा पायऱ्या. पाणी त्यांच्याबरोबर खाली धावतंय. घरी पोचतात तेव्हा छातीपर्यंत मैलापाणी आणि त्या उंच संडासाच्या भांड्यातून काळं पाणी उसळतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामशाळेच्या जमिनीवर शेकडो लोकांबरोबर पडलेले. आणि पार्कबाई फोनवर मैत्रिणीला सांगतात, कालच्या पावसाने किती छान झालं, हवा स्वच्छ झाली, आज बागेतच वाढदिवस करू. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नाही. त्यांना माहीतच नाही. 26 जुलै 2005ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही.

वाढदिवसाच्या मेजवानीत तळघरातला माणूस सुरी घेऊन वर येतो, त्या रात्रीच्या झटापटीत जखमी होऊन मेलेल्या बायकोचा सूड घ्यायला, आणि किमांच्या मुलीला भोसकतो. गोंधळात गाडीची किल्ली त्याच्या अंगाखाली अडकते. पार्क साहेब ती काढायला वाकतात आणि वास येऊन नाक दाबतात. तो वास किमचा नसतो, त्या तिसऱ्या माणसाचा असतो. तरीही सुरी उचलून पार्क साहेबांना भोसकतो तो किम. आपल्या मुलीला भोसकणाऱ्या माणसाच्या बाजूने त्याचा हात उठतो. तोवर ज्याला त्याने स्वतःहून खालचा मानलं होतं, त्याच्याशी असलेलं नातं त्याला त्या एका क्षणात ओळखू येतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. काही समीक्षकांना हा शेवट अति वाटला. मला तो अटळ वाटतो.

चित्रपट संपला, घरं राहिली. 8 ऑगस्ट 2022च्या रात्री सोलमध्ये प्रचंड पाऊस झाला. सिल्लिम भागातल्या एका बान्जिहात एकाच कुटुंबातल्या तिघी बुडून मेल्या, त्यांत एक लहान मुलगी. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना, खिडकीला गज. तेव्हा सोलमध्ये सुमारे दोन लाख कुटुंबं अशा घरांत राहत होती. अशी घरं टप्प्याटप्प्याने बंद करू, असं शहराच्या प्रशासनाने जाहीर केलं. तिथल्या रहिवाशांनी विचारलं, एवढ्या भाड्यात दुसरीकडे जायचं कुठे?

श्रोतेहो, चित्रपट पाहिला असेल तर पुन्हा एकदा पाहा, आणि या खेपेला मून-ग्वांगकडे लक्ष ठेवा. ती गेल्यावर पार्क साहेब किमला सांगतात, बाई कामाला उत्तम होती, खोड एकच, दोन माणसांचं जेवायची. आणि त्या पावसाच्या रात्री ती किमबाईंना विनवते, गैरसमज करून घेऊ नका ताई, नवऱ्याचं खाणं मी माझ्या पगारातून आणत होते. मध्ये बरंच काही घडून जातं, म्हणून पहिल्यांदा पाहताना ही दोन वाक्यं जोडली जात नाहीत. दुसऱ्यांदा ती लागोपाठ ऐकू येतील.

नमस्कार.